भरपाई मागणे अख्रिस्ती आहे काय?

अन्याय सोसावा की त्याची दाद मागावी, हा प्रश्न ख्रिस्ती मनाला नवा नाही. करिंथ येथील बांधव एकमेकांना न्यायासनापुढे खेचू लागले, तेव्हा संत पौलाने त्यांची कानउघाडणी केली आणि त्यापेक्षा अन्याय सोसणे बरे, असे सुचविले. या उपदेशामुळे पुष्कळ सज्जन माणसे न्याय्य मागणीही ओठांवर आणीत नाहीत. परंतु जिथे कोणी वैरी नाही, केवळ इजा झालेला एक देह आहे, तिथे काय करावे? अमेरिकेतील एका कायद्याच्या निमित्ताने याचा विचार करणे आम्हांस उचित वाटते.

दंडावर घ्यावयाची लस तेथील जाड स्नायूत टोचायची असते. सुई फार वर टोचली गेली, तर औषध खांद्याच्या सांध्यालगत उतरून तेथे दाह होऊ शकतो. मग केस विंचरणे, फळीवरचा डबा काढणे हेदेखील महिनोन्‌महिने दुष्कर होते. दोष लशीचा नसतो, टोचण्याच्या जागेचा असतो. असे क्वचितच घडते. पण ज्याच्या वाट्याला येते, त्याला त्या 'क्वचित'चे समाधान ते काय!

१९८०च्या दशकात अमेरिकेत लशींवरून खटले वाढले आणि उत्पादक हा व्यवसाय सोडू लागले. तेव्हा १९८६ साली तेथे कायदा झाला व १९८८ पासून भरपाईची योजना सुरू झाली. लशीची मात्रा जितक्या रोगांना प्रतिबंध करते, तितक्या वेळा ७५ सेंट कर घेऊन त्यातून निधी उभारला गेला. अर्ज शासनाविरुद्ध करावयाचा. कोणाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची अट नाही. खांद्याची इजा २०१७ साली या योजनेच्या यादीत आली. वेदना ४८ तासांच्या आत सुरू झालेली असावी, त्या खांद्याला पूर्वीचे दुखणे नसावे, त्रास सामान्यतः सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असावा आणि अर्ज पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांत करावा, असे नियम ठरले.

यावर आक्षेपही आला. चूक सुई टोचणाऱ्याची, मग सार्वजनिक निधीने ती का भरावी? या विचाराने ही इजा यादीतून वगळण्याचा नियम जानेवारी २०२१ मध्ये करण्यात आला. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो मागे घेतला गेला.

आम्हांस येथे चांगल्या शोमरोन्याची आठवण होते. वाटेवरच्या त्या माणसाला त्याने जखमी केले नव्हते. तरीही त्याने घाव बांधले, उतारशाळेचे पैसे दिले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन, असा शब्दही दिला. दोष कोणाचा, हे त्याने विचारले नाही, गरज पाहिली. लस घेणारा स्वतःबरोबर शेजाऱ्याच्या मुलाचेही रक्षण करतो. सर्वांच्या हितासाठी पुढे केलेला हात दुखावला, तर ते दुखणे त्याने एकट्याने का वाहावे? एक अवयव दुखावला म्हणजे सर्व अवयव दुःख भोगतात, असे सांगणाराही संत पौलच आहे.

क्षमा आणि भरपाई यांत विरोध नाही. क्षमा अंतःकरणाने करावयाची; औषधोपचाराचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब तिने मिटत नाही. निर्गमाच्या ग्रंथातही जखमीचा बुडालेला वेळ व उपचार भरून देण्याचा नियम आहे. स्वतःचा हक्क कोणी प्रभूसाठी सोडला, तर तो त्याचा त्याग होय. मात्र घरच्यांचा घास सोडून देण्याचा अधिकार मिळवत्या माणसाला नाही, आणि तसा त्याग दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार तर आपणां कोणालाच नाही.

अर्थात मागणाऱ्यावरही बंधन आहे. जुने दुखणे नव्या सुईच्या माथी मारणे म्हणजे सातव्या आज्ञेचा भंग होय. कारण निधी सर्वांचा आहे. स्वतःच्या इजेवरून लसच वाईट असे सांगत सुटणे हेही सत्याला धरून नाही. आपल्या कित्येक घरांतील कन्या परिचारिका म्हणून देशोदेशी सेवा करीत आहेत. एका चुकलेल्या सुईसाठी त्यांच्यापैकी कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता जखमीला न्याय मिळावा, ही व्यवस्था आम्हांस प्रीतीच्या जवळची वाटते. सत्य सांगून, द्वेष न बाळगता मागितलेली भरपाई ही भीकही नव्हे आणि सूडही नव्हे.