थोड्यांचें स्वराज्य

लोकशाहीचें समर्थन करतांना आपण बहुधा संख्येचा आधार घेतों. अनेकांची इच्छा एकाच्या इच्छेहून श्रेष्ठ, असें म्हटलें कीं वाद मिटला असें आपणांस वाटतें. परंतु जेथें मुळांत माणसेंच थोडीं, तेथें या समर्थनाचें काय होतें? जेथें कोसचे कोस चालावें तेव्हां एखादें घर दृष्टीस पडावें, तेथील रहिवाशांस आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क आहे काय? आणि असल्यास त्या हक्काचा खर्च दूरच्या दाट वस्तीनें कां सोसावा? हा प्रश्न वरवर जमाखर्चाचा दिसतो. किंचित् खोल जाऊन पाहतां तो नीतीचा आहे, असें आम्हांस वाटतें.

नुसत्या तत्त्वांच्या भाषेंत बोलण्यापेक्षां एक प्रत्यक्ष उदाहरण समोर ठेवूं. कॅनडा देशाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, पॅसिफिक महासागराच्या कांठीं, सेंट्रल कोस्ट नांवाचा एक प्रादेशिक जिल्हा आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें २४,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या साडेसहापट. आणि २०२१ च्या शिरगणतींतील लोकसंख्या अवघी ३,५८२. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत २०११ सालीं एका चौरस किलोमीटरांत सुमारें १६३ माणसें होतीं. येथें सुमारें सात चौरस किलोमीटरांमागें एक माणूस पडतो. समुद्राचे अरुंद फांटे डोंगरांच्या पोटांत दूरवर शिरलेले आहेत, किनाऱ्यापुढें बेटेंच बेटें आहेत, आणि पावसानें पोसलेलीं प्रचंड अरण्यें पाण्याच्या कडेपर्यंत उतरलेलीं आहेत. बेला बेला हें गांव एका बेटावर आहे. तेथून जिल्ह्याच्या कचेरीच्या ठिकाणीं, बेला कूला येथें, जाणाऱ्यास जलमार्ग किंवा विमान यांवांचून तिसरा उपाय नाहीं.

या प्रांतानें १९६५ सालीं कायद्यानें प्रादेशिक जिल्ह्यांची योजना केली आणि तीअन्वयें १९६८ सालीं हा जिल्हा स्थापन झाला. त्या वेळीं त्याचें नांव ओशन फॉल्स असें होतें. कारण त्या नांवाचें कागदाच्या गिरणीचें गांव हें येथील वैभवाचें केंद्र होतें. १९७६ सालीं नांव बदललें, १९८० सालीं गिरणी बंद पडली, आणि एके काळीं हजारों वस्ती असलेल्या त्या गांवांत आज कांहीं थोडीं माणसें उरलीं आहेत. ज्या भरभराटीवरून जिल्ह्यास नांव मिळालें ती गेली. जिल्हा मात्र राहिला. त्यांत आज एकही नगरपालिका नाहीं. पांच विभागांतून निवडलेले पांच प्रतिनिधी पाणी, कचरा, आगीचे बंब, विमानाचा तळ, अशा साध्या परंतु अवश्य गोष्टींचा विचार करतात. ज्या सोयीचा लाभ ज्या भागास, त्या भागानेंच तिचा कर द्यावा, असा या व्यवस्थेचा सामान्य नियम आहे.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकूं. कारण तें क्षुद्र नाहीं. बेंथॅमच्या पंथाचा मनुष्य म्हणेल: सार्वजनिक पैसा हा मर्यादित आहे. तोच रुपया दाट वस्तींत खर्च केला तर हजारांस सुख होईल, विरळ वस्तींत केला तर दहांस. अशा स्थितींत दहांची बाजू घेणें म्हणजे हजारांवर अन्याय करणें होय. शिवाय त्या दहांना तेथें राहण्याची सक्ती कोणीं केली आहे? त्यांनीं शहरांत यावें, म्हणजे त्यांची सर्व सोय होईल. हा युक्तिवाद निर्दयपणाचा म्हणून टाकून देतां येणार नाहीं. तो न्यायाच्याच नांवानें केलेला आहे.

त्यास पहिलें उत्तर सुचतें तें असें, कीं थोडी माणसेंही पराक्रम करूं शकतात. बेला कूलाच्या खोऱ्यास बाहेरच्या जगाशीं जोडणारी सडक प्रांताचें सरकार करून देईना. डोंगर इतका उभा, कीं ती होणें शक्य नाहीं असें सांगण्यांत येई. तेव्हां तेथील रहिवाशांनीं स्वतःच काम हातीं घेतलें. दोन्ही टोकांकडून यंत्रें डोंगर फोडीत निघालीं आणि १९५३ च्या सप्टेंबरांत तीं एकमेकांस भिडलीं. त्या सडकेस लोक स्वातंत्र्याची सडक म्हणूं लागले. ही हकीकत स्फूर्तिदायक आहे खरी. परंतु तिच्यावर आमच्या सिद्धांताची इमारत उभी करण्यास आम्ही तयार नाहीं. पराक्रम केला म्हणून हक्क मिळाला असें मानलें, तर ज्यांस पराक्रम करतां आला नाहीं त्यांचा हक्क बुडतो. म्हाताऱ्यांचें, दुबळ्यांचें, दैवानें मागें पडलेल्यांचें गांव मग कोणाच्या तोंडाकडे पाहील? हक्क हें बक्षीस नव्हे.

दुसरें उत्तर अधिक टिकाऊ आहे. अॅरिस्टॉटलनें नगरराज्याच्या लोकसंख्येस वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा मानल्या. फार थोड्यांस स्वावलंबन साधत नाहीं, आणि फार पुष्कळांस एकमेकांची ओळख राहत नाहीं. मिलनें स्थानिक संस्थांत नागरिकांच्या शिक्षणाची शाळा पाहिली. मात्र ज्ञान मध्यवर्ती असावें आणि सत्ता वांटलेली असावी, असा तोल त्यानें सुचविला. या दोघांचें म्हणणें एकत्र केलें असतां आम्हांस असें दिसतें, कीं स्वराज्याचें मूल्य त्यांतून निघणाऱ्या सोयींच्या बेरजेंत नाहीं. आपल्या नळाचें पाणी गढूळ आलें तर जबाबदार कोण, हें ज्यास ठाऊक आहे आणि त्या जबाबदारींत ज्याचा स्वतःचाही वांटा आहे, तो मनुष्य प्रजा न राहतां नागरिक होतो. हें रूपांतर साडेतीन हजारांच्या बाबतींत स्वस्त आणि साडेतीन कोटींच्या बाबतींत मौल्यवान असें नसतें. तें प्रत्येक मनुष्यांत स्वतंत्रपणें घडतें, म्हणून त्याची बेरीज होत नाहीं. बेंथॅमपंथी गृहस्थ चुकतो तो येथें: सुख मोजतां येईल, परंतु नागरिकत्व मोजून वांटतां येत नाहीं.

परंतु येथेंच थांबलों तर आम्ही अर्धेंच सत्य सांगितलें असें होईल. हा प्रदेश विरळ कां आहे? थंडी, पाऊस, डोंगर हीं कारणें आहेतच. पण नुहाल्क, हेइल्त्सुक, ओवीकीनो हे लोक या किनाऱ्यावर हजारों वर्षें नांदत आले आहेत. १७९३ सालीं अलेक्झांडर मॅकेंझी भूमार्गानें येथील समुद्रापर्यंत पोंचला तो निर्जन रानांतून नव्हे, तर या लोकांनीं मळलेल्या वाटांनीं आणि त्यांच्या गांवांचा पाहुणचार घेत. पुढें १८६२ सालीं देवीच्या सांथीनें या किनाऱ्यावरील गांवेंच्या गांवें ओस पाडलीं. नंतर आलेल्यांस जमीन रिकामी दिसली. ती रिकामी झालेली होती. ज्या पॉटलॅच समारंभांत संपत्ति वांटून, साक्षीदारांसमोर अधिकार सांगितला जाई, तोच समारंभ कॅनडाच्या कायद्यानें १८८५ पासून १९५१ पर्यंत गुन्हा ठरविला होता. या लोकांस प्रांताच्या निवडणुकींत मत मिळालें तें १९४९ सालीं, आणि सरसकट देशाच्या निवडणुकींत १९६० सालीं.

म्हणून या जिल्ह्यांत स्वराज्याचा प्रश्न दुहेरी आहे. आज तेथील रहिवाशांत निम्म्याहून अधिक या मूळच्या लोकांपैकीं आहेत; त्यांच्या स्वतःच्या शासनसभा आहेत, आणि या भूमीवरील आपला हक्क त्यांनीं कोणत्याही तहानें सोडलेला नाहीं. त्याच भूमीवर जिल्ह्याचें मंडळही बसतें. थोड्यांस स्वराज्याचा हक्क आहे असें जर हें मंडळ दूरच्या राजधानीस सांगत असेल, तर तोच न्याय त्यास आपल्या शेजाऱ्यांसही लावावा लागेल. जो स्वतःकरितां मागितलेला न्याय दुसऱ्यास नाकारतो, त्याची मागणी हक्काची राहत नाहीं, केवळ सोयीची होते. संख्येच्या जुलमाविरुद्ध ज्यानें तक्रार केली, त्यानें संख्येच्या बळावर कोणासही गप्प बसवूं नये, हें बंधन त्याच्या तक्रारींतच आलेलें आहे.

कोणी म्हणेल, सातासमुद्रांपलीकडच्या या चर्चेशीं आमचा संबंध काय? संबंध जवळचा आहे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावापासून आपल्या देशांत स्थानिक स्वराज्य हा शब्द रूढ झाला. पण आजही डोंगरावरच्या वाडींतील शाळेचा पट कमी झाला कीं ती शाळा बंद करून मुलांस दुसऱ्या गांवीं पाठवावें, असा हिशेब आपण मांडतों. तो हिशेब कागदावर चुकलेला नसतो. कित्येक वेळां मुलांच्या दृष्टीनेंही तोच मार्ग हितकर ठरेल. आमचा आक्षेप निर्णयावर नाहीं. ज्यांच्या पोरांची ती शाळा, त्यांस विचारल्याशिवाय तो निर्णय होतो, यावर आहे. पट मोजणाऱ्यास आंकडा दिसतो. ओढ्याला पूर आला म्हणजे वाट कोणत्या महिन्यापर्यंत बंद राहते, हें वाडींतल्या आईस ठाऊक असतें.

थोड्यांनीं सर्व कांहीं मागावें असें आमचें म्हणणें नाहीं. प्रत्येक खोऱ्यास रुग्णालय आणि प्रत्येक बेटास पूल देणें कोणत्याही राज्यास शक्य नाहीं, आणि विरळ वस्तींत राहणाऱ्यानें कांहीं गैरसोय पत्करलीच पाहिजे. परंतु सोयींचें प्रमाण कमी-अधिक होऊं शकतें; ऐकून घेण्याचें प्रमाण तसें होऊं शकत नाहीं. नाहीं म्हणावयाचें असेल तर तें ज्यांस म्हणावयाचें त्यांच्या समोर, कारणें सांगून आणि त्यांचें उत्तर ऐकून म्हणावें, एवढें देणें बहुसंख्येनें अल्पसंख्येस कधींही चुकवूं नये. बहुसंख्येस राज्य करण्याचा अधिकार आहे तो याच अटीवर.