कुठले पटेल?

आडनाव ऐकले की माणूस कळतो, अशी आपली समजूत आहे. आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे एक नैतिक प्रश्न उभा आहे याची जाणीवही सहसा होत नाही. अनोळखी माणसाला प्रथम नाव विचारावे, नावाने समाधान न झाल्यास आडनाव, आणि आडनावानेही उलगडा न झाल्यास गाव विचारावे, हा आपल्या संभाषणाचा शिरस्ता. यातून जे हाती लागते त्याला आपण माहिती म्हणतो. ती माहिती खरी किती, हा एक प्रश्न. ती खरी असली तरी तिच्या आधारे समोरच्या माणसाविषयी काही ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोठून प्राप्त होतो, हा दुसरा. पहिला इतिहासाचा, दुसरा नीतीचा. आणि व्यवहारात ते एकमेकांत इतके मिसळतात की पहिल्याचे उत्तर मिळताच दुसऱ्याचेही मिळाले असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखात या दोहोंचा विचार एकाच आडनावाच्या निमित्ताने करावयाचा आहे. ते आडनाव म्हणजे ब्रिटनमधील पटेल. तेथे ते सर्वसाधारणपणे हिंदू आडनाव म्हणून ओळखले जाते, आणि आपल्यापैकी बहुतेकांनाही ते तसेच वाटते.

शब्दाचा उगम राजदप्तरात आहे. माळव्यातील परमार राजांच्या दहाव्या शतकापासूनच्या दानपत्रांत गावकऱ्यांना उद्देशून राजाज्ञा सांगताना 'पट्टकिल' असा उल्लेख येतो. पट्ट म्हणजे ज्यावर जमिनीचा लेख कोरला वा लिहिला जातो तो. तो ज्याच्या स्वाधीन, तो पट्टकिल. त्यापासून मराठीत पाटील आणि गुजरातीत पटेल. गावाच्या वतीने सरकारपुढे आणि सरकारच्या वतीने गावापुढे उभे राहणे, हे त्याचे काम. इंग्रज अमदानीत मुंबई इलाख्याच्या इंग्रजी कागदपत्रांत मराठी पाटलालाही पटेल असेच लिहीत; महाराष्ट्राने १९६२ साली मुलकी पाटीलकी रद्द करणारा कायदा केला, त्याच्याही इंग्रजी शीर्षकात शब्द पटेल हाच आहे. हुद्दा गेला, आडनाव मागे उरले. मराठी वाचकाला यातील एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. मराठा, आगरी, कोळी, लिंगायत, जैन अशा अनेक समाजांत पाटील आहेत, तेव्हा नुसत्या पाटील या शब्दाने जिज्ञासूचे समाधान होत नाही. 'कुठले पाटील?' हा पुढचा प्रश्न ठरलेलाच.

गुजरातेत या शब्दाला एका समाजाच्या उत्कर्षाची जोड मिळाली. खेडा जिल्ह्यातील चरोतर हा सुपीक मुलूख. तेथे नरवा पद्धतीने गावच्या साऱ्याची जबाबदारी काही कुळांनी सामाईकपणे उचललेली असे. त्यातील हिश्श्याचा, म्हणजे पाटीचा, जो धनी तो पाटीदार. हे लोक मूळचे कणबी. पुढे कणबी ही नोंद ओशाळवाणी वाटू लागली आणि १९३१ च्या शिरगणतीपर्यंत पाटीदार हे साऱ्या जातीचे नाव होऊन बसले. डेव्हिड पोकॉक या मानवशास्त्रज्ञाने या स्थित्यंतराचा अभ्यास आपल्या १९७२ च्या ग्रंथात मांडला आहे. अर्थात, पटेल हे बिरूद पिढीजात वारसा होण्याआधी कित्येक घरांत ती एक आकांक्षा होती. करमसद, नडियाद, वसो, सोजित्रा, धर्मज आणि भादरण ही सहा गावे स्वतःला श्रेष्ठ मानीत आणि सोयरीक आपसांत राखण्याचा प्रयत्न करीत. एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या गावात बहुतेक खातेदार पटेल, तेथे पटेल म्हटल्याने कोणाचीच ओळख पटत नाही. तेथे माणूस ओळखला जातो बापाच्या नावाने आणि खडकीने, म्हणजे एका दरवाजाच्या आतल्या आळीने. जन्मभूमीत जो शब्द जवळजवळ काहीच सांगत नव्हता, तोच परभूमीत माणसाचा सारा परिचय होऊन बसला.

हे घडले ते आफ्रिकेमार्गे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. तो टाकणारे मजूर प्रामुख्याने पंजाबचे होते. पण त्यानंतर खुल्या झालेल्या मुलखात दुकानदार, कारकून आणि शिक्षक म्हणून गेलेल्यांत गुजरात्यांचा, आणि त्यांत चरोतरच्या पटेलांचा, भरणा मोठा. केनिया, युगांडा, टांगानिका येथे दोन पिढ्या गेल्या. वसाहती स्वतंत्र झाल्यावर यांतील अनेकांच्या हाती ब्रिटिश पारपत्रे राहिली. १९६८ साली केनियातून त्यांचा ओघ वाढताच ब्रिटिश संसदेने तीन दिवसांत कायदा संमत केला. त्या कायद्याने पारपत्र असूनही प्रवेशाचा हक्क काढून घेतला, आणि तो राखला कोणासाठी, तर ज्याचे आईबाप किंवा आजीआजोबा त्या बेटावर जन्मले होते त्याच्यासाठी. आपल्याकडचा गावकरी परक्याला जे विचारतो तेच एका सुधारलेल्या राष्ट्राने कायद्याच्या भाषेत विचारले: तू कोणाचा? १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली तेव्हा मात्र सुमारे २८,००० निर्वासितांना ब्रिटनने आसरा दिला. लेस्टर शहराच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन 'आमच्याकडे येऊ नका' असे कळवले होते. लोक तेथेच आले. आज लेस्टरमधील बेलग्रेव्ह रस्त्याच्या परिसराचा आणि लंडनमधील ब्रेंट व हॅरो या विभागांचा चेहरामोहरा गुजराती आहे; २०२१ च्या जनगणनेत हॅरोमध्ये हिंदूंचे प्रमाण २५.८ टक्के भरले. कोपऱ्यावरचे वृत्तपत्र-मिठाईचे दुकान आणि पटेल हे समीकरण याच काळातले.

आडनावाचा हा हिंदू इतिहास खरा आहे. त्याच शब्दाने गेलेला दुसरा प्रवाह मात्र या कथेत सांगितला जात नाही. भरुच आणि सुरत जिल्ह्यांतील सुन्नी व्होरा हे शेतकरी मुसलमान. त्यांच्या गावांतही गावप्रमुख असे आणि तोही पटेलच. या गावांतील माणसे दुसऱ्या महायुद्धानंतर लँकेशायर आणि यॉर्कशायरमधील कापडगिरण्यांत कामाला गेली. ज्या पाळीला स्थानिक कामगार मिळत नसे ती रात्रपाळी अनेकदा त्यांच्या वाट्याला येई. ब्लॅकबर्न, बोल्टन, प्रेस्टन, बॅटली, ड्यूसबरी या गावांत जे पटेल आढळतात त्यांत मोठा भाग यांचा आहे. २०२१ मध्ये ब्लॅकबर्न आणि त्याला जोडलेल्या डार्वेन विभागात मुस्लिमांचे प्रमाण ३५ टक्के होते. अशा ठिकाणी पटेल या शब्दावरून हिंदू असा निष्कर्ष काढणारा बहुधा चुकेल. लेस्टरमध्ये तर दोन्ही धर्मांची घरे या नावाची आहेत. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्या शहरात हिंदू आणि मुस्लिम तरुणांत झालेल्या संघर्षाच्या बातम्या वाचताना हे स्मरणात ठेवणे उपयुक्त होते.

साहित्याच्या अभ्यासकाला उदाहरणासाठी ब्रिटनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९८५ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी, गुजराती कादंबरीकार पन्नालाल पटेल हिंदू होते. इंग्रजीतून लिहिणारे कवी, नाटककार आणि चित्रकार, मुंबईचे गीव्ह पटेल पारशी होते. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडे मैदानावर एका डावात भारताचे दहाही गडी बाद करणारा न्यूझीलंडचा एजाज पटेल मुंबईत जन्मलेला मुस्लिम. हिंदूंमध्येही आडनावावरून जात सांगावी तर दक्षिण गुजरातेतील कोळी पटेल आडवे येतात. उलट दिशेनेही तेच. कच्छमधील भुजजवळच्या गावांतून केनियामार्गे हॅरोच्या परिसरात स्थायिक झालेला लेवा पटेल समाज मोठा आहे; पण त्यांच्यातील पुष्कळ घरे हिराणी, हालाई, वेकरिया, भुडिया अशी आडनावे लावतात. ते पटेल आहेत, आणि पटेलांच्या यादीत नाहीत. जाळे टाकावे आणि निम्मे मासे निसटावेत, शिवाय वर आलेल्यांत भलतेच असावेत, अशी ही गत.

इतकी शिथिल साक्ष देणाऱ्या शब्दावर कोणी विसंबूच नये असे म्हणून हा विषय संपवता आला असता, पण तसे नाही. ऑक्सफर्डने २०१६ साली ब्रिटन आणि आयर्लंडमधील आडनावांचा जो बृहत्कोश प्रसिद्ध केला, त्यात प्रवेशाला दोन दारे ठेवली: १८८१ च्या शिरगणतीत जे आडनाव वीसांहून अधिकांचे होते ते, किंवा आज जे शंभरांहून अधिकांचे आहे ते. पटेल दुसऱ्या दाराने आत आले. कोशकाराने व्युत्पत्ती द्यावी, प्रदेश सांगावा, त्यात कोणावर अन्याय होत नाही. ब्रॅडफर्डमध्ये 'नामपेहचान' नावाची संगणकप्रणाली तयार झाली. नाव पाहून व्यक्तीचे मूळ दक्षिण आशियातील असावे की नाही हे ती ताडते, आणि रुग्णालयांच्या नोंदींत वांशिक मूळ धड लिहिलेले नसताना कोणत्या समाजात कोणते आजार किती, हे शोधण्यास तिचा उपयोग झाला. येथे नावाकडून घेतलेली साक्ष पुष्कळांविषयी आहे. ती एखाद्याच्या बाबतीत चुकली तरी त्या एकाचे काही बिघडत नाही, आणि साऱ्यांचे काही भले होण्याचा संभव असतो.

आता दुसरा दाखला पाहावा. ब्रिटिश शासनाच्या सांगण्यावरून काही शहरांत केलेल्या एका चाचणीचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. पात्रता सारखी ठेवून, केवळ नावे बदलून, मालकांकडे नोकरीचे अर्ज पाठवण्यात आले. गौरवर्णीय वाटणाऱ्या नावाला एक अनुकूल उत्तर मिळण्यास सरासरी नऊ अर्ज लागले. अल्पसंख्य समाजांच्या नावांना सोळा. मधले जे सात अर्ज, त्यांत नावाने साक्ष दिली ती एकेका माणसाविरुद्ध, आणि त्याच्या अपरोक्ष. मालकाचा तर्क कदाचित वैद्यकीय संशोधकाच्या तर्कापेक्षा आकड्यांच्या दृष्टीने वाईट नसेलही. येथेच माझ्या मते नीतीचा प्रश्न इतिहासापासून सुटा होतो. नावावरून काढलेला निष्कर्ष अचूक असता तरी तो अर्जदाराच्या बाबतीत अन्यायच ठरला असता, कारण जे त्याने केले नाही आणि ज्यात त्याला काही निवडता आले नाही, त्याचा जाब त्याला द्यावा लागला.

तथापि हा जाब विचारणारे सारेच परके असतात असे मानणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. ब्रिटनमधील पाटीदारांत सहा गावांचा, सत्तावीस गावांचा असे विवाहगोळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. वधूवर शोधताना पटेल एवढ्याने भागत नाही, मूळ गाव सांगावे लागते, आणि ते गाव वडिलांनीही नीट पाहिलेले नसण्याचा संभव असतो. २०१३ साली ब्रिटिश संसदेने समतेच्या कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन शासनावर घातले तेव्हा अनेक हिंदू संघटनांनी त्याला विरोध केला. त्यांच्या प्रतिपादनात 'आमच्या येथे आता जात उरलेली नाही' हाही एक मुद्दा होता. २०१८ साली शासनाने ते कलम न आणता न्यायालयांच्या निर्णयांवर विसंबण्याचे ठरवले. कायद्याची गरज होती की नव्हती यावर मतभेद संभवतात. पण जो समाज आपल्या दिवाणखान्यात आडनावाची आणि गावाची उलटतपासणी घेतो, त्याने कचेरीच्या दारात होणाऱ्या उलटतपासणीविषयी बोलताना आवाज थोडा खाली ठेवावा, असे मला वाटते. मराठी माणसाने हे गुजरात्यांविषयी म्हणताना तर विशेषच. लंडन किंवा शिकागोत भेटलेल्या कुलकर्ण्याला अथवा कांबळ्याला आपण पुढे काय विचारतो आणि काय विचारायचे टाळतो, हे आठवून पाहावे.

यावर काही जण आडनाव टाकून देण्याचा उपाय सुचवतात. आपल्याकडे तो काहींनी आचरलाही, आणि त्यामागील हेतू आदरणीय आहे. पण नाव हे ओझे असते तसे घरही असते. नव्वद दिवसांत कंपाला सोडताना ज्यांना दुकान, मोटार, बँकेतील पैसा सारेच मागे ठेवावे लागले, त्यांच्याबरोबर आलेल्या थोड्या वस्तूंत हा शब्द होता. भरुचच्या गिरणीकामगाराचेही तेच. त्या शब्दावर हिंदू अशी चिठ्ठी डकवली की त्या कामगाराच्या नातवाला आपलेच नाव उसने घेतल्यासारखे वाटू लागते. हे नुकसान आकड्यांत दिसत नाही, म्हणून ते कोशकारांनी तरी विसरू नये.

ब्रिटिश उमरावांच्या पदव्यांचा एक संकेत असा की एकच पदवी दोघांना धारण करता येत नाही. नाव आधीच कोणाकडे असेल तर पुढच्याने आपल्या नावाला एखादे स्थळ जोडावे लागते. १९९९ साली टांगानिकात जन्मलेले प्रसूतितज्ज्ञ नरेन पटेल उमराव झाले ते नुसते लॉर्ड पटेल. त्यानंतर २००० साली, गुजरातेत जन्मलेले आणि धर्माने मुस्लिम असलेले अ‍ॅडम पटेल आले. २००६ साली कमलेश पटेल आले. दप्तराला आता विचारणे भागच होते की कुठले पटेल. कमलेश पटेलांनी ब्रॅडफर्ड लिहिले. २०१९ साली निवर्तलेल्या अ‍ॅडम पटेलांनी लिहिले होते ब्लॅकबर्न.