गाभण मांजर आणि पहिले शील



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आपल्या वर्धा जिल्ह्यात गावोगावच्या विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपल्यावर उपासक-उपासिका प्रश्न विचारतात. निब्बाण म्हणजे काय, कर्म म्हणजे काय, असे मोठे प्रश्न असतातच. परंतु ज्या कुटुंबाने नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्याला खरा पेच पडतो तो घरातल्या लहान गोष्टींत. जुने नियम सुटलेले असतात आणि नवी वाट अजून पायाखालची झालेली नसते. म्हणून आज आपण असाच एक लहान वाटणारा प्रश्न घेऊ.

समजा, देवळी किंवा सेलू तालुक्यातल्या एका गावात असे एक कुटुंब आहे. तुरीची, सोयाबीनची पोती घरात असतात, म्हणून उंदरांसाठी मांजर पाळलेली आहे. ती वर्षातून दोन-तीनदा विते. दर वेताला तीन-चार पिले कुटाराच्या ढिगात सापडतात. गावात त्यांना घेणारे कोणी उरले नाही. शेवटी घरचे ठरवतात की मांजरीचे ऑपरेशन करून आणू. पिशवीत घालून तिला दवाखान्यात नेले, तर डॉक्टर पोट चाचपून सांगतात, “ही गाभण आहे. ऑपरेशन केले तर पिशवीसकट पोटातली पिलेही जातील. काय करायचे ते ठरवा.”

घरात तीन मते पडतात. आजी म्हणते, “मांजरीची हत्या म्हणजे महापाप, काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते.” मुलगा म्हणतो, “मांजरच तर आहे, त्यात एवढा विचार कसला?” सून म्हणते, “आपण रोज पंचशील घेतो. मग पहिले शील मोडणार नाही का?”

या तिघांना आपण काय उत्तर देणार?

आधी आजींचे बोलणे घेऊ. त्यांना हसू नका. जे ऐकले त्यावर त्यांनी आयुष्य काढले. पण त्या समजुतीत काय दडले आहे ते पाहा. मांजर मारली तर सोन्याची मांजर द्यायची. कोणाला द्यायची? जिचा जीव गेला तिला तर काही मिळत नाही. मिळते ते दान घेणाऱ्याला. ज्याच्याजवळ सोने आहे तो पापातून सुटणार आणि ज्याच्याजवळ नाही तो जन्मभर धास्तीत राहणार. अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला ज्या गोष्टींतून बाहेर काढले, त्यांतलीच ही एक आहे. धम्मात कर्म दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही आणि विकतही घेता येत नाही. म्हणून भीतीपोटी मांजरीला हात न लावणे हे शीलपालन नव्हे. शीलात भय नसते, समज असते.

आता मुलाचे बोलणे. “मांजरच तर आहे.” हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात बाबासाहेब गांधीजींना भेटले, तेव्हा त्यांनी आपले दुःख मांडताना सांगितले होते की, जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही हीन वागवतात, जिथे प्यायला पाणी मिळत नाही, त्या भूमीला आम्ही आपली मायभूमी कशी म्हणावी? त्याच्या चार वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर हेच दुःख साऱ्या देशासमोर आले होते. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसाला होता.

पण बंधूंनो, यातून काय शिकायचे? आपला झगडा कुत्र्या-मांजरांशी नव्हता. त्यांनी पाणी पिऊ नये असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. माणसाचे माणूसपण नाकारणाऱ्या व्यवस्थेशी तो झगडा होता. जनावरापुढे हात जोडायचे आणि माणसाला दूर लोटायचे, ही एक विकृती. माणूस म्हणून ताठ उभे राहायचे आणि मुक्या जिवाला पायाखाली घ्यायचे, ही दुसरी. बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवरील दयेची आहे. ती बाबासाहेबांनी आपल्याकडून विचारपूर्वक वदवून घेतली. ज्याला कालपर्यंत तुच्छ लेखले गेले, त्याने तुच्छ लेखणे हा शब्दच आपल्या कोशातून काढून टाकला पाहिजे.

उरला सुनेचा प्रश्न. तो सर्वांत खरा आहे, म्हणून त्याला वेळ देऊ.

पहिले शील म्हणजे प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याची शिकवण आपण स्वतःहून स्वीकारणे. ती कोणा ईश्वराची आज्ञा नाही. अट्ठकथांत आचार्यांनी या शिलाचा भंग केव्हा होतो याची पाच अंगे सांगितली आहेत. समोर जीव असला पाहिजे, तो जीव आहे हे ठाऊक असले पाहिजे, मारण्याची चेतना असली पाहिजे, तसा प्रयत्न झाला पाहिजे आणि त्या प्रयत्नाने मृत्यू आला पाहिजे. ही पाच अंगे आपल्या प्रसंगाला लावून पाहा.

मांजर गाभण आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि ऑपरेशन चालू असताना ते कळले, तर तेथे जाणही नव्हती आणि मारण्याची चेतनाही नव्हती. अशा घराने मनाला लावून घेऊ नये. पोटात पिलू अडले, मेले, सडू लागले आणि मांजर तडफडते आहे, अशा वेळी डॉक्टरांनी पिशवी काढली, तर तेथे चेतना जीव वाचवण्याची आहे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. भगवंतांची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे त्यांनी समजावले. या दोन्ही प्रसंगांत मनात संकोच ठेवण्याचे कारण नाही.

परंतु आपल्या कुटुंबापुढचा प्रसंग तसा नाही. मांजर धडधाकट आहे. पोटात पिले आहेत हे डॉक्टरांनी सांगितले आहे. आता जाण आली. येथे ऑपरेशन केले तर ती पिले मारली जातील, हे स्वतःशी स्पष्ट म्हटले पाहिजे. ‘नसबंदी’ हा शब्द वापरल्याने ती गोष्ट बदलत नाही.

आपण करणीयमेत्त सुत्त म्हणतो. त्यात मैत्री कोणाकोणावर करायची ते सांगितले आहे. दिसणारे, न दिसणारे, जवळचे, दूरचे, एवढ्यावर ते थांबत नाही. जे जन्मले आहेत त्यांच्यासोबत जे अजून जन्माच्या वाटेवर आहेत त्यांचेही नाव तेथे आहे. गर्भ मैत्रीच्या बाहेर ठेवलेला नाही. विनयात भिक्खूने जाणूनबुजून माणसाचा जीव घेतला, गर्भ पाडण्याचे औषध देऊन घेतला तरी, तो संघातून कायमचा जातो. पशूचा जीव घेतला तर त्याला दोष कबूल करावा लागतो. दोहोंत फरक केला आहे, पण पशूच्या बाबतीत दोषच नाही असे म्हटलेले नाही.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर आपला पाचवा स्तंभलेख कोरवला. त्यात गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी मारू नयेत, सहा महिन्यांच्या आतली त्यांची पिलेही मारू नयेत, असे आहे. त्याच लेखात बैल, बोकड, मेंढे खच्ची करण्याबद्दलही आहे. पौर्णिमेसारख्या उपोसथाच्या व इतर ठरलेल्या दिवशी ते करू नये, असे त्याने सांगितले. राजाने खच्चीकरणाला काही दिवसांची मर्यादा घातली, गाभण मादीला मात्र वर्षभर अभय दिले. दोन्ही गोष्टी त्याने एका मापाने मोजल्या नाहीत.

हाच भेद आपणही धरावा. गर्भ राहू न देणे वेगळे आणि राहिलेला गर्भ नष्ट करणे वेगळे. पहिल्यात कोणाचाही जीव जात नाही. १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला होता. तो नामंजूर झाला, पण आधीच विचार करून जन्माला आळा घालण्यात पाप नाही, हे त्या काळी धीटपणे सांगणाऱ्यांत तेही होते. म्हणून मांजरीचे ऑपरेशन करणे धम्माविरुद्ध नाही. ते वेळेवर करावे. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की, ती माजावर येण्याआधीच, डॉक्टरांकडे न्यावी. बोक्याचे ऑपरेशन तर त्याहून सोपे असते.

येथे एक सावधगिरी. मांजरीबद्दल जे बोललो ते कोणी आपल्या सुनेवर किंवा लेकीवर लादू नये. बाईजवळ स्वतःची बुद्धी आहे, तिला स्वतःचे मत आहे, आणि तिच्यासाठी १९७१ चा कायदा व त्यातील २०२१ ची सुधारणा आहे. तिचा निर्णय तिचा आहे. मांजरीला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने विचार करण्याचे ओझे आपल्यावर येते.

मग आपल्या कुटुंबाने काय करावे? मी म्हणतो, थांबावे. मांजरीचा गर्भ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. डॉक्टरांना कळले तेव्हा त्यातले काही दिवस गेलेलेच असतात. पिले आठ आठवड्यांत अंगावरून सुटतात. त्यानंतर दूध आटले की साधारण पंधरा दिवसांनी ऑपरेशन करता येते. म्हणजे प्रश्न तीन-चार महिन्यांच्या कळ काढण्याचा आहे. या काळात तिला घरात ठेवावे, कारण पिले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. दिवस भरत आले असताना पिशवीचा रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि ऑपरेशन मांजरीलाही अधिक जोखमीचे होते. म्हणजे थांबण्यात तिचेही हित आहे.

भटक्या कुत्र्यांसाठी २००१ साली जे सरकारी नियम झाले, त्यांतही कुत्री गाभण निघाली तर गर्भ कितीही दिवसांचा असो, तो पाडू नये, ती विईपर्यंत तिला सोडून द्यावे, असे होते. २०२३ मध्ये त्या नियमांच्या जागी नवे नियम आले. सरकारी नियम म्हणजे धम्म नव्हे, पण थांबणे अव्यवहारी आहे असे म्हणणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की देशाच्या कायद्यानेही कधीकाळी हीच वाट सांगितली होती.

तुम्ही म्हणाल, “थांबलो, पिले झाली, मग त्यांचे काय?” प्रश्न रास्त आहे. आणि इथेच आपल्या खेड्यांतली सर्वांत वाईट रीत पुढे येते. पिले पोत्यात भरायची आणि नदीच्या पलीकडे, नाहीतर आठवडी बाजाराच्या कडेला सोडून यायची. डोळे न उघडलेले पिलू उन्हात भुकेने मरते, कुत्र्याच्या तोंडी जाते. सोडणारा घरी येऊन हात धुतो आणि म्हणतो, मी काही मारले नाही. बंधूंनो, पाच अंगे पुन्हा मोजून पाहा. जीव आहे, जाण आहे, काय होणार ते ठाऊक आहे, प्रयत्न आहे, मृत्यूही आहे. पोत्यात पिले टाकून येणाऱ्यापेक्षा, ज्याला खरोखर दुसरा मार्ग उरला नाही आणि ज्याने डॉक्टरांकडून, मांजरीला भूल देऊन, लवकरात लवकर ऑपरेशन करून घेतले, तो अधिक प्रामाणिक आहे. त्याने एकच करावे. आपण काय केले ते झाकू नये आणि ती वेळ पुन्हा येणार नाही अशी काळजी घ्यावी. शील मोडले म्हणून शील सोडून द्यायचे नसते. ते पुन्हा ग्रहण करायचे असते.

पण बहुधा दुसरा मार्ग असतो. उंदीर सगळ्यांच्याच घरात आहेत. पिले होण्याआधीच चार घरी विचारून ठेवा. ज्याला पिलू द्याल त्याला ऑपरेशनची वेळही सांगा. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. वर्ध्याजवळ पिपरी मेघे येथे पीपल फॉर अॅनिमल्सचा करुणाश्रम आहे, तेथे सल्ला विचारा. आणि विहार कशासाठी आहे? पौर्णिमेला वर्गणी जमते, त्यातून दोन-तीन मांजरींच्या ऑपरेशनचा खर्च वस्तीने मिळून केला तर ते दान नव्हे काय? एकट्या गरीब घरावर जे ओझे पडते, ते दहा घरांत वाटले तर हलके होते. संघाचा अर्थ तोच.

शेवटी अंगुलिमालाची आठवण ठेवा. श्रावस्तीत भिक्षेला गेला असता त्याला प्रसूतीत अडलेली एक स्त्री दिसली. ज्या हातांनी माणसे मारली होती, त्या माणसाचे मन कळवळले. तो भगवंतांकडे परत आला आणि त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा तिच्याकडे गेला. आई सुखरूप राहावी की पोटातला जीव, अशी निवड त्याने केली नाही. दोघांचेही मंगल त्याने चिंतले, आणि कथा सांगते की दोघेही सुखरूप राहिले. त्याचा कळवळा पाहूनच त्याचा धम्म कळतो.

आपल्या घरी लेकरे आहेत. मांजर व्याली की ती कुटाराजवळ जाऊन बसतात, पिलांचे डोळे कधी उघडतील ते विचारतात. त्यांना पंचशील पाठ आहे. आता आई-बाप काय करतात इकडे त्यांचे लक्ष आहे. पोते उचलले तर तेही शिकतील, आणि चार महिने कळ काढली तर तेही.

भवतु सब्ब मंगलं.