उपशम आणि दुरुस्ती

मनुष्याला सत्य प्रिय असतें, हें विधान नीतिग्रंथांत शोभून दिसतें. व्यवहारांत मात्र त्याला एक पुस्ती जोडावी लागते. तें सत्य स्वस्त असावें आणि तासाभरांत मिळावें, अशीहि त्याची इच्छा असते. हा विचार आम्हांस कोणत्याहि ग्रंथानें दिला नाहीं. आमच्या मोटारींतील वातानुकूलन यंत्राच्या, म्हणजे ज्याला सारे एसी म्हणतात त्याच्या, एका बिघाडानें तो शिकविला. विषय क्षुद्र वाटेल; पण क्षुद्र गोष्टींतच आपली नीति बेसावध सांपडते.

हकीकत थोडक्यांत अशी. वैशाखांत नागपुराहून अमरावतीस जातांना आमच्या मोटारींतील गारवा नाहींसा झाला. मागें आमच्या वृद्ध मातोश्री बसल्या होत्या व त्यांचा जीव कासावीस होत होता. वाटेंतील एका गॅरेजवाल्यानें दाब पाहिला, "गॅस संपला" असें सांगितलें, अर्ध्या तासांत नवा भरला, आणि आम्ही त्याला दुवा देत पुढें निघालों. पुढील उन्हाळ्यांत गारवा पुन्हा गेला. पुन्हा गॅस भरला. तिसऱ्या वर्षीं दुसऱ्या एका कारागिराकडे गेलों, तों त्यानें यंत्रास हात लावण्यापूर्वीं आम्हांसच विचारलें, "साहेब, दरवर्षीं गॅस भरतां, पण तो जातो कुठं, हें कधीं कुणी पाहिलंय का?"

या प्रश्नाचें मर्म कळण्यास यंत्राची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. पेट्रोल जळून जातें; हा वायु जळत नाहीं. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्यें तो आपली उष्णता बाहेरच्या हवेस देऊन द्रव होतो. बारीक छिद्रांतून सुटतांच थंड होतो. आणि डॅशबोर्डामागील इव्हॅपोरेटरमध्यें आंतल्या हवेची उष्णता शोषून पुन्हा वायुरूप होतो. हें चक्र सर्व बाजूंनीं बंद असतें. लहान मोटारींत सुमारें अर्धा किलो वायु असतो व तोच पुनःपुन्हा फिरतो. अनेक वर्षांत नळ्यांतून व सांध्यांतून थोडासा पाझर होतो, हें खरें. परंतु जें यंत्र दर उन्हाळ्यास रितें होतें, तें कोठें तरी फुटलेलें असलेंच पाहिजे. तेव्हां "गॅस संपला" हें वाक्य असत्य नव्हतें. पण तें निदानहि नव्हतें. तें लक्षणाचेंच दुसरें नांव होतें.

मग आम्हांस फसविलें कोणीं? पहिल्या गॅरेजवाल्यावर रोष करणें सोपें होतें व प्रथम आम्ही तेंच केलें. परंतु शांतपणें विचार करितां हा रोष आमच्याकडेच परतला. "मोटार दोन दिवस ठेवा, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, खर्च पांचपट येईल," असें तो म्हणाला असता, तर आम्ही त्याला लुबाडणारा ठरवून शेजारच्या दुकानीं गेलों असतों. ज्या सत्याची किंमत गिऱ्हाईक देत नाहीं, तें सत्य बाजारांत कोणी मांडून ठेवीत नाहीं. दुसऱ्या उन्हाळ्यांत तर आमच्या मनांत शंका आलीहि होती. पण ती विचारली म्हणजे उत्तर ऐकावें लागेल, म्हणून आम्ही ती विचारली नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, मातोश्रींचा जीव घाबरा झाला असतां निदानाचा घोळ घालीत बसणें हीच अनीति झाली असती. आम्हांसहि तें मान्य आहे. उपशम हें पाप नव्हे. माधवनिदानांत रोगज्ञानाचीं जीं पांच साधनें सांगितलीं आहेत त्यांत उपशय हें एक आहे. कशानें बरें वाटतें, हें पाहूनहि वैद्य रोग ओळखतो. आमच्या कारागिरानें नेमकें हेंच केलें. त्यानेंहि गॅस भरला. पण त्याबरोबर एक रंगद्रव्य सोडलें, भरलेलें वजन लिहून ठेविलें आणि दहा दिवसांनीं परत बोलाविलें. तेव्हां जंबूपार किरणांच्या दिव्याखालीं पाणी ठिबकण्याच्या नळीच्या तोंडाशीं हिरवट चमक दिसली. इव्हॅपोरेटर कुजून त्याला छिद्र पडलें होतें. दोष तीन वर्षें आमच्या गुडघ्यांसमोरच होता. कृति दोघांची एकच. एकानें तिला दुरुस्ती म्हटलें, दुसऱ्यानें चौकशी म्हटलें. अनीति उपशमांत नसून उपशमाला दुरुस्तीचें नांव देण्यांत आहे.

शिवाय "संपला" या शब्दाच्या आड आणखी एक गोष्ट लपते. १९२८ मध्यें थॉमस मिजली यांच्या प्रयत्नानें शीतकरणास असा वायु मिळाला कीं जो विषारी नाहीं व पेटतहि नाहीं. त्या काळीं तें मोठें लोकहितच होतें. १९७४ मध्यें मोलिना व रोलंड यांनीं दाखविलें कीं, अशा वायूंतील क्लोरीन वातावरणांत उंच जाऊन ओझोनचा नाश करील. अंटार्क्टिकावरील ओझोनचा क्षय १९८५ मध्यें जगापुढें आला व १९८७ मध्यें माँट्रियल येथें करार झाला. आमच्या मोटारींतील आर-१३४ए हा त्यानंतर रूढ झालेला वायु ओझोनला धक्का लावीत नाहीं; परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीनें अशा वायूंचाहि वापर उतरवीत नेण्याचें ठरलें. अर्धा किलो वायु निसटणें म्हणजे जवळजवळ ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखें आहे. आमचा गॅस संपला नव्हता. तो आमच्या हिशेबांतून निघून दुसऱ्यांच्या डोक्यावर गेला होता. ज्यांच्याकडे मोटार नाहीं, सावलीहि नाहीं, असे लोक त्याच रस्त्यानें वैशाखांत पायीं जात होते.

इव्हॅपोरेटर बदलला, यंत्र निर्वात करून मोजून वायु भरला, आणि यंदाचा उन्हाळा गारव्यांत गेला. याचा अभिमान वाटावा असें त्यांत कांहीं नाहीं. दोन उन्हाळ्यांत मिळून जो किलोभर वायु आम्हीं आकाशांत सोडला, तो आतां कोणताहि कारागीर परत आणून देणार नाहीं. एवढेंच ठरविलें आहे कीं, यापुढें कोणी कांहीं "संपलें" असें सांगितलें, तर तें गेलें कोठें, हें विचारल्यावांचून पैसे द्यावयाचे नाहींत. आणि उत्तर महाग असलें तरी ऐकावयाचें.