पाकिटातली घडीची चिठ्ठी

"इतकी वर्षं लावतेय, मला कधी काही झालं नाही." केसांच्या रंगाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. माझ्या जाऊबाईही हेच म्हणायच्या. दर महिन्याला तोच रंग, तेच पाकीट. एका वर्षी गौरी यायच्या आधी त्यांनी रंग लावला. दुसऱ्या दिवशी कपाळाच्या कडेला खाज सुटली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि तिसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, केसांना काय लावलंत? "नवीन काहीच नाही हो," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

नवीन काही असावंच लागत नाही. काळ्या आणि गडद तपकिरी पक्क्या रंगांत बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलिनडायअमिन असतं. अमोनियाने केसाचं वरचं आवरण सैल होतं, हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे पीपीडीपासून आतल्या आत मोठे रंगीत रेणू तयार होतात आणि ते धुऊन निघत नाहीत. रंग टिकतो तो यामुळे. पण हेच द्रव्य त्वचेत उतरलं की एखादीच्या शरीराला ते वैरी वाटू लागतं. दुसऱ्याच खेपेला वाटेल की पंधरा वर्षांनी, हे आधी कळत नाही आणि एकदा वाटलं की सहसा जन्मभर. म्हणून इतक्या वर्षांचा अनुभव ही हमी नव्हे.

पाकिटात एक घडी घातलेली चिठ्ठी असते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून 48 तास थांबा, असं तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. चाचणी करावी आणि भुवया-पापण्यांना रंग लावू नये, त्याने अंधत्व येऊ शकतं, हा इशारा स्थानिक भाषेतही छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. दुधाच्या पिशवीवरची तारीख पाहणाऱ्या बायका ही चिठ्ठी मात्र उघडत नाहीत. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. रंग लावला जातो तो उद्याच्या लग्नासाठी, परवाच्या हळदीकुंकवासाठी. भांगातली पांढरी रेघ आपल्याआधी दुसऱ्यांना दिसते आणि "बरं नाही का गं?" अशी चौकशी होते. पिकल्या केसांचा पुरुष भारदस्त ठरतो. या घाईत दोन दिवस थांबायचं सुचणार कुणाला?

घाबरून काहीजणी 'काळ्या मेंदी'कडे वळतात. खऱ्या मेंदीचा रंग लालसर. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवली, आवळा-काथ घातला, तरी ती तपकिरीपर्यंतच जाते. अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे करणाऱ्या पाकिटात पीपीडी मिसळलेलं असण्याचीच शक्यता जास्त. 'अमोनियाविरहित' म्हणजेही पीपीडीविरहित नव्हे.

कर्करोगाची भीती वेगळी, तिच्याबद्दल तोलूनच बोलावं. 1,17,200 अमेरिकी परिचारिकांच्या 36 वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. पक्का रंग वापरणाऱ्यांत बहुतेक कर्करोगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. स्तनाच्या काही प्रकारच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगात थोडी वाढ आढळली. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2010 च्या अहवालात पार्लर-सलूनमध्ये काम करणाऱ्यांचा धोका वेगळा काढला आहे: त्यांच्या कामातला रसायनांचा संपर्क 'बहुधा कर्करोगकारक'. घरी स्वतःपुरता रंग लावणाऱ्यांबद्दल निष्कर्षाइतका पुरावा संस्थेला मिळाला नाही.

मला जास्त काळजी वाटते ती त्या हातांची. माझ्या पार्लरवालीच्या बोटांची टोकं काळपट पडली आहेत, नखांच्या कडेला चिरा आहेत. पाकिटातले हातमोजे पातळ, मनगटाशी सैल. रंग आत उतरतो. नायट्राइलचे चांगले मोजे बाजारात मिळतात, पण दर गिऱ्हाइकाला नवी जोडी घेतली आणि दर थोडा वाढवला की बायका शेजारच्या पार्लरमध्ये जातात, असं ती सांगते. रंगाच्या एका बिलात त्या जोडीची किंमत सहज मावते, आणि ती कुरकुर न करता देणं आमच्यापैकी बहुतेकींना परवडण्यासारखं आहे.