सायंकाळपर्यंत बाजारात उभे राहिलेले मजूर

मननासाठी पाठ : मत्तय २०:१–१६



द्राक्षमळ्याच्या धन्याचा हा दाखला आपल्या मंडळ्यांतून वारंवार वाचला जातो. त्यावर बहुधा असा उपदेश होतो की, उशिरा आलेल्यासही देव आपल्या कृपेने सारखेच देतो. हा अर्थ खराच आहे आणि त्याविरुद्ध आम्हांस कांही बोलावयाचे नाही. परंतु खेड्यातील मजुराच्या कानी हा दाखला पडतो तेव्हा तो प्रथम निराळेच ऐकतो. त्याच्या डोळ्यांपुढे बाजार उभा राहतो, खांद्यावर फडके टाकून कोणी बोलावील काय म्हणून वाट पाहणारी माणसे दिसतात, आणि कलत चाललेला दिवस दिसतो. प्रभूने हा दाखला सांगितला तेव्हा ऐकणाऱ्यांतही अशी माणसे असलीच पाहिजेत. ह्यास्तव आज आम्ही ह्या कथेतील मजुरीच्या गोष्टीपाशीच थांबणार आहो.

धनी दिवसातून पाच वेळा बाजारात गेला. दिवस संपावयास एक तास राहिला असता तेथे कांही जण अजून उभेच होते. सारा दिवस रिकामे का, असे त्याने विचारले, तेव्हा आपणांस कोणी कामावर घेतले नाही, एवढेच ते म्हणाले. आता धनी काय करतो ते पाहा. तो त्यांस आळशी म्हणत नाही, की पहाटे कोठे होता म्हणून उलटतपासणी घेत नाही. त्यांचे म्हणणे तो खरे धरतो आणि त्यांस मळ्यात पाठवितो.

आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण मंडळीत कोणी कामाविना बसला की थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाकडे बोट दाखविणारे पुष्कळ भेटतात. पौलाने तेथे ज्यास काम करण्याची इच्छाच नाही अशा मनुष्याविषयी लिहिले आहे. ज्यास इच्छा आहे पण काम मिळत नाही, त्याच्याविषयी तेथे एक अक्षरही नाही. स्वतः पौल करिंथात अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करीत असे. हाताला धंदा आणि धंद्याला गिऱ्हाईक असले तर पोट भरते, हे तो जाणून होता. ते वचन बेकार बंधूच्या तोंडावर फेकणारा बहुधा पोटभर जेवलेला असतो, असा आमचा अनुभव आहे. असो.

आपला कोल्हापूर जिल्हा पाहणारा परका मनुष्य म्हणेल, येथे कामास काय तोटा! पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वारणा अशा नद्या. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीने हाती घेतलेले राधानगरीचे धरण. गुळासाठी दूरवर नाव झालेली शाहूपुरीची पेठ. ठिकठिकाणी साखर कारखान्यांच्या चिमण्या. हे सर्व आहे. तरी ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नाही त्यास विचारा. ऊस एकदा लावला की वर्षभर उभा असतो. त्यात थोडी भांगलण, थोडे पाणी पाजणे, मग तोडणीपर्यंत स्वस्थता. तोडणी येते तेव्हा ती टोळ्या करितात, आणि त्या टोळ्यांचा सौदा मुकादमाकडे आधीच झालेला असतो. म्हणजे काम नाही असे नव्हे. काम आहे, पण जे आहे त्यात घामाचे मोल सरळ हातात पडत नाही.

ह्याच ठिकाणी दाखल्यातील दुसरे वचन उपयोगी पडते. धन्याने मजुरांस मळ्यात धाडिले, पण त्याआधी दिवसाची मजुरी ठरविली. आठव्या वचनात संध्याकाळ होताच त्याने कारभाऱ्यास सांगून ती चुकती केली. आधी ठरविणे, आणि त्याच दिवशी पुरे देणे. मोशेच्या नियमशास्त्रातही हेच आहे. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवण्यास मनाई आहे. अनुवाद २४:१५ मध्ये सूर्य मावळण्यापूर्वी ती देण्याची आज्ञा आहे, आणि तिचे कारणही दिले आहे की तो दरिद्री आहे व त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर म्हणतो की, अडवून ठेविलेली मजुरीच ओरड करिते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते.

ह्या मापाने उचल मोजून पाहा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, मुलीचे लग्न असते, कोणी दुखण्याने पडलेला असतो. तेव्हा मुकादम येतो आणि रोख रक्कम हातावर ठेवितो. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. दिवाळीच्या सुमारास ते गाव सोडतात. पहाटेच्या काळोखात फडात उतरावे, ऊस तोडावा, मोळ्या बांधाव्या, डोक्यावरून गाडीत भराव्या. आजारपणाने एक दिवस चुकला तर त्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याचे पैसे उलट कापले जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. त्या गोष्टीमागे ह्या खाड्याची भीतीही होती, असे तेव्हा पुष्कळांनी सांगितले. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. किती टन तोडले हे लिहिणारा एक, वाचणारा तोच, आणि फिटले की नाही हे सांगणाराही तोच! फिटले नाही तर पुढल्या वर्षीचा हंगाम आजच विकला गेला.

शास्त्रात अशा मुकादमाचे चित्र शोधावयाचे असेल तर लाबानाकडे पाहावे. याकोबाने त्याच्या घरी वीस वर्षे राबून काढिली, आणि लाबानाने त्याची मजुरी दहा वेळा बदलली, असे उत्पत्ति ३१ मध्ये सांगितले आहे. लाबान परका नव्हता, मामाच होता. आपल्याकडेही मुकादम पुष्कळदा भावकीतलाच असतो, आणि त्यामुळे बोलण्याची चोरी होते.

आम्ही असे म्हणत नाही की उचल घेणारा पापी होय. ज्याची लेकरे उपाशी आहेत त्यास व्यासपीठावरून उपदेश करणे सोपे आहे. तो मनुष्य कागदावर अंगठा उठवितो तेव्हा त्याच्या शेजारी वाचता येणारा एक भाऊ बसला असता, तर त्या उपदेशापेक्षा अधिक झाले असते.

आता थोडे मागे पाहू या. आपल्या पुष्कळ मंडळ्या महारवाड्यांतून व मांगवाड्यांतून उभ्या राहिल्या. आपल्या पूर्वजांच्या कामास दाम ठरलेलाच नसे. सांगावा पोहोचवावा, ओझे वाहावे, मेलेले ढोर ओढावे आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागावी. त्यालाच वतन म्हणत आणि मान समजत. शाहू महाराजांनी १९१८ च्या सुमारास आपल्या संस्थानात महार वतनाच्या व वेठीच्या ह्या बंधनावर घाव घातला. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि महाराज स्वतः तेथे आले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविषयी बिल आणले, आणि कनिष्ठ गाववतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला. एवढा काळ लागला! मजुरी न ठरविता राबणे हे आपल्या नशिबी आहे, असे मानून ते बंधन सुटले नाही. कोणी तरी उभे राहून बोलले म्हणून ते सुटले.

परंतु वतन सुटले तरी पोट राहतेच. ह्याविषयी कोल्हापुरातील एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत चाकरीस होते. पाण्याच्या हौदास हात लावला म्हणून त्यांस मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांस शासन केले आणि गंगाराम यांस चाकरीतून मोकळे करून शहरात चहाचे दुकान घालण्यास मदत केली. आता दुकान निघाले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज आपल्या लोकांसह तेथे जाऊन चहा घेऊ लागले. भांडवल देणारे पुष्कळ असतात. महाराजांनी त्याहून मोठी गोष्ट केली, ती ही की ते त्या दुकानाचे गिऱ्हाईक झाले.

खेड्यात चांगल्या मोलाचे काम उभे राहावयाचे तर त्याचे अर्धे मर्म येथे आहे. आपल्या मंडळीतील बहीण शिवणयंत्र घेऊन बसते आणि आपण नाताळचे कपडे शहरातून आणितो. आपला भाऊ गवंडी आहे, आणि देवालयाची भिंत बांधावयास परगावचा ठेकेदार येतो. पुढे त्याच भावास काम नाही म्हणून आपण प्रार्थनासभेत त्याच्यासाठी विनंती करितो! ही विनंती देव ऐकत असेल. पण तिचे उत्तर त्याने अगोदरच आपल्या खिशात ठेविले आहे असे आम्हांस वाटते.

कोल्हापुरी चपलेचेच घ्या. बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेले कातडे, खिळ्यावाचून चामड्याच्या वादीने घातलेली शिवण, वेणी घालणारे स्त्रियांचे हात. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि महाराष्ट्र व कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचा तिच्यावरील हक्क मान्य झाला. तरी जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा ह्या पेढीने मिलान शहरी तशाच घाटाच्या चपला मांडल्या, आणि प्रथम कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर ते घेतले. वर्तमानपत्रांतून त्या जोडीची किंमत लाखावर सांगितली गेली. येथे मात्र घासाघीस करून कारागिराच्या दिवसाच्या मोलातले पन्नास रुपये आपण वाचवितो, आणि वर प्राडास नावे ठेवितो.

दुधाचे उदाहरण अधिक आशादायक आहे. जिल्हा दूध संघ १९६३ साली स्थापन झाला, आणि गोकुळ हे नाव आज घराघरांत आहे. गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध मोजले जाते, फॅट सर्वांसमोर लागते, दर ठरलेला असतो आणि बिल ठराविक दिवसांनी मिळते. मजुरी आधी ठरविणे व वेळेवर चुकती करणे ह्या शास्त्राच्या दोन्ही गोष्टी येथे बऱ्याच अंशी आढळतात. म्हणून भूमिहीन घरासही एका म्हशीवर उभे राहता येते. हे खरे की वैरण विकत घेणाऱ्यास हाती थोडेच उरते. हंगामात उसाचे वाडे मिळते, उन्हाळ्यात मात्र जीव मेटाकुटीस येतो. दुसरे असे की गवत कापणारी, धार काढणारी, शेण भरणारी स्त्री, आणि संस्थेत खाते पुरुषाच्या नावाचे. ख्रिस्ती घरांत तरी हे बदलावे. जिचे श्रम तिचे नाव, ह्यात कोणाचा अपमान होत नाही.

येथे आपल्यातील शेतमालकांसही आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत, कारण मंडळीत दोन-चार एकरांचे धनीही आहेत. भांगलणीस आलेल्या बायकांची मजुरी शनिवारी देतो म्हणून पुढल्या बाजारापर्यंत लांबविणे, आणि पुरुषास एक व स्त्रीस त्याहून उणा असा भाव ठेवणे, ही गावची रीत असेल. प्रभूच्या मेजाभोवती बसणाऱ्यांची ती रीत होऊ नये. बवाजाने रूथेसाठी कापणाऱ्यांस मुद्दाम कणसे टाकावयास लाविले. सरवा वेचणाऱ्या परदेशी विधवेची लाज राहावी, एवढी काळजी त्याने केली. त्याच्या ठरलेल्या मजुरांस तो बुडवीत असेल असे कोणास वाटते काय?

शिकलेल्या तरुणांविषयी थोडेच लिहितो. वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरास आले. वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिरजेचा दवाखाना उभारिला. शाळा व दवाखाने यांनी आपल्या आजोबांस मास्तर, नर्स, कंपाउंडर केले. तेव्हापासून मिशनची नोकरी लागेल म्हणून वाट पाहण्याची सवय आपल्या घरांतून अजून गेली नाही. ती आता सोडावी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील कारखान्यांत फौंड्रीचे, लेथचे, वेल्डिंगचे काम जाणणाऱ्यास जागा असते. आयटीआयमध्ये दोन वर्षे घालविणे हे कोरी पदवी घेऊन घरी बसण्याहून बरे. मात्र ठेकेदारामार्फत लागताना पगाराची चिठ्ठी आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा. तो मागण्यास लाजू नये.

आता प्रचारक बंधूंस. गावात वाचता-लिहिता येणारे, सर्वांच्या घरी जाणारे असे तुम्हीच आहा. पावसाळा संपण्याच्या आत, मुकादम फिरू लागण्यापूर्वी, मंडळीच्या वडिलांस बरोबर घेऊन एक वही घालावी. उचल घेणाऱ्या प्रत्येक घराची रक्कम, टनाचा ठरलेला दर, खाड्याची अट आणि तारीख तीत लिहावी, व मुकादमासमोर मोठ्याने वाचून दाखवावी. वही चार जणांसमोर वाचली जाते हे कळले की पुष्कळ मुकादमांचे गणित आपोआप सुधारते. त्याच वहीच्या मागल्या पानांवर कोणाच्या हाताला कोणता धंदा येतो हे लिहावे, आणि देवालयाचे वा घराचे कोणतेही काम निघाले की प्रथम ते पान उघडावे. गावाबाहेर खोपी घालून राहिलेल्या टोळ्यांकडेही जावे. त्यांत मराठवाड्यातील ख्रिस्ती बंधु आहेत की नाहीत, हे विचारल्यावाचून कळणार नाही. ते नसले तरी त्यांची मुले तेथे आहेतच, आणि गावची शाळा जवळच असते.

हे करावयास प्रचारकाचा आठवड्यातील एक सबंध दिवस जाईल. मंडळीच्या वडिलांनी तो दिवस त्यास मोकळा करून द्यावा, व त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च दानपेटीतून त्याच संध्याकाळी चुकता करावा.