उरलेल्या उत्तरांचे काय?

मंत्रालयातून प्रश्न येतो आणि उत्तर महिन्याभरात हवे असते. कास्तकार आत्महत्या का करतो, गरोदर बाई दवाखान्यात जायचे का टाळते, अशा प्रश्नांवर मुलाखतींचे आणि गटचर्चांचे अभ्यास बहुधा आधीच झालेले असतात. ते शोधून, पारखून, एकत्र वाचून निष्कर्ष काढणे, म्हणजेच पद्धतशीर आढावा घेणे, हे मात्र सावकाशीचे काम आहे. नोंदणी झालेल्या १९५ पद्धतशीर आढाव्यांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांना सरासरी ६७ आठवडे लागले होते. तेवढ्यात एक अख्खा हंगाम हातचा जातो. म्हणून जलद आढावा लागतो, आणि त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही.

वेळ वाचवण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. प्रश्न अरुंद करायचा, वर्षांची आणि भाषांची मर्यादा घालायची, सगळे निबंध दोघांनी वाचण्याऐवजी दुसऱ्याने काहीच तपासायचे. काय गाळले हे अहवालात लिहिले, तर हा प्रामाणिक व्यवहार ठरतो. खरी जोखीम पुढे, माणसांचे बोलणे रकान्यांत भरताना असते.

शेफील्ड विद्यापीठातील ख्रिस्तोफर कॅरोल, अँड्र्यू बूथ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली त्यासाठी एक रीत मांडली. विषयाशी जुळणारी तयार चौकट घ्यायची आणि अभ्यासांतली विधाने तिच्यात बसवत जायची. कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागत नाही, म्हणून काम झपाट्याने होते. पण या रीतीचा प्राण दुसऱ्या पायरीत आहे. जे बसत नाही ते वेगळे काढून त्यातून नवे विषय घडवायचे आणि चौकटच बदलायची.

ही पायरी वगळली की काय होते, हे वर्धा जिल्ह्याला सांगायला नको. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मदत देण्यापूर्वी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते. जमीन कुटुंबात कोणाच्या नावावर आहे का, बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आहे का, ते थकून वसुलीचा तगादा होता का, असे निकष लावले जातात. प्रशासनाला झटपट निर्णय हवा, म्हणून ही चौकट. पण नातेवाइकाकडून घेतलेली उसनवारी किंवा मक्त्याने कसलेले वावर या रकान्यांत मावत नाही. अशा घराचे म्हणणे ऐकले जाते, पण त्यासाठी रकाना नसतो.

याउलट, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत काम केलेल्या अमोल डोंगरे आणि प्रदीप देशमुख यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. त्यांनी शेती करणाऱ्यांना आधी आत्महत्येची कारणे मोकळेपणी सांगू दिली, मग त्यांचे गट पाडायला लावले, वर गटचर्चा घेतल्या. यादीत कर्ज, पडेल भाव, नापिकी आली. व्यसन, कौटुंबिक जबाबदाऱ्या आणि सरकारी अनास्थाही आली. केवळ कर्जाची चौकट घेऊन हा निबंध वाचणारा अर्धी यादी हातातून सोडेल.

दुसरी खबरदारी गावाच्या निवडीची. वर्धा जिल्ह्यातल्याच देवळी तालुक्यात घाईने येणारे पथक पुलगाव स्टेशनला उतरून लगतच्या नाचणगावात जाईल, हे साहजिक आहे. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ सालच्या पुस्तकात डांबरी रस्त्यालगतची गावे पाहून परतणाऱ्या तज्ज्ञांचा हा कल नोंदवला होता. तेच निबंधांतही घडते. जे गाव गाठायला सोपे, त्याचा अभ्यास जास्त होतो. निष्कर्षांवर किती विसंबावे हे ठरवण्याच्या सर्क्वल पद्धतीत म्हणूनच चार गोष्टी पाहतात: मूळ अभ्यासांतील उणिवा, निष्कर्षाचा माहितीशी मेळ, माहितीचा पुरेपणा आणि आपल्या प्रश्नाला असलेला लागूपणा. वाहतुकीच्या वाटेवरचे नाचणगाव बोलले, तर आडवळणाच्या गावाचे बोलणे त्यात येईलच असे नाही. ही मर्यादा निष्कर्षाशेजारीच लिहायला हवी, परिशिष्टात नव्हे.

घाईत कात्री कुठे लावायची, याचा क्रम त्यावरून लागतो. प्रश्न अरुंद करा, काळाची मर्यादा घाला, दुबार तपासणी कमी करा. पण विसंगत उत्तरे शेवटपर्यंत राखा, कारण धोरणाला चूक दाखवण्याची ताकद त्यांच्यातच असते. पंधरा पानी अहवालात त्यांना एक पान देणे कोणत्याही मुदतीत शक्य आहे. ते पान नसेल, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारावा.